मनगटावरची मोटार

वाचकहो, कृपया बसून घ्या. हातात चहाचा कप असेल तर तो खाली ठेवा, कारण मी आता जे जाहीर करणार आहे ते ऐकून भल्याभल्यांना ठसका लागलेला आहे. तर पूर्ण जबाबदारीनं आणि देव्हाऱ्यातल्या देवांना स्मरून मी असं जाहीर करतो की, लाल रंगाची, दोन माणसांची, बिनटपाची शर्यतीची मोटार मनगटावर बांधून गोरेगावच्या रस्त्यांवर पायी हिंडणारा या भूतलावरचा पहिला आणि बहुधा शेवटचा मनुष्य म्हणजे माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडं मोटार नव्हती. मोटार चालवायचा परवाना नव्हता. सायकलसुद्धा येत नव्हती. लहानपणी गावी शिकायला गेले आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन आदळले, तेव्हापासून दोन चाकांवर त्यांचा कायमचा राग होता. पण त्यांना मोटारीविषयी जे वाटायचं त्याच्या निम्मं जरी मोटारवाल्यांना वाटत असतं, तरी मुंबईत एकही गाडी धूळ खात उभी दिसली नसती.

साडू गोरेगावातल्याच एका कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लेथवर लोखंड कातायचं आणि संध्याकाळी चाळीतल्या दोन खोल्यांच्या घरी यायचं. हे येणं बघण्यासारखं असे. साडू चालत नसत, ते स्वतःला चालवत. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना पहिला गिअर, म्हणजे खांदे पुढं आणि दातांतून बारीक घरघर. रस्ता मोकळा दिसला की दुसरा. कोपरा आला की आधी रस्त्याच्या पार बाहेरच्या कडेला जायचं, तिथून झपकन आत शिरायचं, कोपऱ्याला खांदा घासायचा आणि पुन्हा बाहेर फेकलं जायचं. शर्यतीतले लोक असंच वळण घेतात म्हणे. एकदा असंच वळण घेताना आतल्या बाजूला एका कोथिंबीरवालीची टोपली होती. जुड्या रस्ताभर झाल्या. ती ओरडली, "ओ काका, डोळे नाय का? दिसत नाय?"

साडू जागच्या जागी घरघरत म्हणाले, "दिसत होतं बाई. पण वेग होता."

कुणी ओळखीचा मागं राहून गेला तर ते माणसासारखे वळून परत जात नसत. मान मागं वळवायची, डावा हात शेजारच्या अदृश्य सीटच्या पाठीवर टाकायचा आणि उलट्या पावलांनी सरळ रेषेत त्या माणसापर्यंत यायचं. मी बोरिवलीचा. रविवारी त्यांच्याकडं गेलो की चाळीच्या तोंडाशी हे असे पाठमोरे माझ्याकडं येताना दिसत आणि माझ्या पायाशी थांबून म्हणत, "काय धाकटे! आज उशीर?" मी त्यांना 'थोरले' म्हणायचो आणि ते मला 'धाकटे'. आमची नावं आमच्या बायकांनाच काय ती ठाऊक होती, आणि त्याही ती घेत नसत.

या वेडाचा उगम सांगितला पाहिजे. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला साडू एकदा पूर्वेच्या बाजूला एका सिनेमाच्या स्टुडिओत गेले होते. कुणाच्या तरी ओळखीनं शूटिंग बघायला. नायिका होती, नायक होता, बागेचा देखावा होता, आणि मधोमध एक जुनी विलायती लाल मोटार. लांब नाक, फुगीर मडगार्डं, आत चाकवताच्या बिया सांडाव्यात तशा भरपूर बारीक काट्यांच्या तबकड्या. बाकी सगळा गाव नायिकेकडं बघत होता. साडू मोटारीभोवती प्रदक्षिणा घालत होते. आणि तेव्हा त्यांना कळलं की त्या मोटारीला इंजिनच नाही. कधीच काढून कुणीतरी विकलेलं. शॉट सुरू झाला की कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूनं वाकून माणसं तिला ढकलणार. ढकलणारा एक कमी पडत होता. साडूंनी बाह्या सरसावल्या.

पुढं तो प्रसंग ते असा सांगत, "धाकटे, त्या गाडीत मी बसलो नाही. खोटं कशाला बोलू? पण ती चालली माझ्यामुळं."

तेव्हा मागच्या मडगार्डावर टेकलेला तळहात त्यांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत धुतला नाही. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, ताटावर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "हात धुवा." हे म्हणाले, "आज डाव्या हातानं जेवतो." अक्का म्हणाली, "मग आज माझ्या हातचं नका जेवू." तेव्हा कुठं हात धुतला गेला.

आता सामान्य माणसाला मोटार आवडली आणि ती परवडत नसली, तर तो काय करील? तिचं चित्र भिंतीला लावील. तेही साडूंनी केलं. रद्दीच्या दुकानातून जुनी विलायती मासिकं आणून इतक्या गाड्या भिंतीवर चिकटवल्या, की पाहुण्याला वाटावं आपण गॅरेजमध्ये जेवतोय. पण साडूंचं डोकं टर्नरचं. त्यांनी विचार केला, मोटारीतलं खरं सत्त्व कशात आहे? चाकांत, दातांत, तेलात, आणि समोरच्या गोल तबकड्यांवर थरथरणाऱ्या काट्यांत. आणि हे सगळं, कणभर कमी नाही, कशात असतं? चावीच्या मनगटी घड्याळात! हा शोध लागला तेव्हा ते मोरीत दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले आणि अक्काला म्हणाले, "घड्याळ म्हणजे जागेवरून न हलता धावणारी गाडी आहे!" अक्का तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मग तुम्ही घड्याळच. धावता बरेच, पोचत कुठंच नाही."

त्या दिवसापासून साडू लोकांची घड्याळं वाहनांत मोजू लागले. मला सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ त्यांनी मनगट धरून उजेडात नेलं, उलटसुलट केलं, आणि खेदानं म्हणाले, "बैलगाडी. चांगली आहे, पण बैलगाडी." कारखान्याच्या मॅनेजरच्या सोन्याच्या घड्याळाला ते 'वरातीची बग्गी' म्हणत, आणि अक्काच्या हातातल्या चिमुकल्या घड्याळाला 'बाबागाडी'. पण त्यांचा खरा जळफळाट व्हायचा तो त्या काळात नुकत्याच आलेल्या, परदेशातून चोरून येणाऱ्या आणि फुटपाथवर ढिगानं मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घड्याळांवर. काटे नाहीत, चावी नाही, नुसते काळे आकडे लुकलुकतायत. साडू म्हणायचे, "ह्यात धावतं काय, मला सांगा! आकडे तर आमच्या कारखान्याच्या लिफ्टवर पण बदलतात. म्हणून काय मी लिफ्ट हाताला बांधू?"

आणि नेमका असाच लिफ्टवाला जावई त्यांच्या नशिबी आला.

साडूंना एकुलती एक मुलगी. वंदू. बापाचं हे सगळं प्रकरण गंभीरपणे घेणारी जगात ती एकटीच. लहानपणी ती त्यांच्या शेजारच्या अदृश्य सीटवर बसायची. म्हणजे त्यांच्या डाव्या बाजूनं, त्यांच्याच वेगात, दातांतून तशीच घरघर करत शाळेत जायची. मोठी होऊन टायपिस्ट झाली तरी सकाळी नाक्यापर्यंत दोघं अशीच जात. फरक इतकाच की नाका जवळ आला की ती घरघर बंद करायची, आणि साडू समजूतदारपणे न्यूट्रलमध्ये यायचे.

वंदूला बघायला मुलुंडची मंडळी आली. मुलगा बँकेत, मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत पडल्याचं मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं, आणि इतक्यात मुलाच्या मनगटातून 'टीं टीं टीं' करत कसलीशी सुरावट वाजू लागली. साडू एरवी मोटारीची शुद्ध भाषा बोलायचे, पण धक्का बसला की त्यांच्यातला मालवणी माणूस उसळून वर यायचा. ते किंचाळले, "ह्यां काय?"

मुलगा लाजून म्हणाला, "घड्याळ आहे. तास झाला की वाजतं. ह्याच्यात बेरीज-वजाबाकी पण होते."

मंडळी गेल्यावर साडू बराच वेळ भिंतीवरच्या गाड्यांकडं बघत बसले. अक्का घाबरली. वंदू तर रडवेली झाली, कारण मुलगा तिला मनापासून आवडला होता. शेवटी साडूंनी निकाल दिला. "मुलगा चांगला आहे. मनगट वाईट आहे. मनगट आपण बदलू."

ते घड्याळ बनवायचा संकल्प सुटला तो असा. जावयाच्या हातावर ती लाल मोटार बांधून मगच मुलगी मुलुंडला पाठवायची. मुलुंड म्हणजे तुम्हाला वाटेल इथंच तर आहे. पण गोरेगावच्या माणसाला दादरला जाऊन, पूल ओलांडून, दुसऱ्या बाजूनं पुन्हा तेवढंच वर जावं लागे. साडू मुलुंडचा उल्लेख लोक दुबईचा करतात तसा करत. "तिकडं पाणी कसं आहे?" असं त्यांनी मुख्याध्यापकांना खरोखर विचारलं होतं.

चोरबाजारातून एका जुन्या घड्याळाचं आतलं यंत्र आणलं. बाहेरचं घर साडूंनी स्वतः स्टीलमध्ये कातलं, आणि त्याला ते 'बॉडी' म्हणत. बॉडीच्या कडा मडगार्डासारख्या फुगीर आणि ढाळदार हव्या होत्या. हा ढाळ धातूत आणायच्या आधी मऊ पदार्थात करून बघायला हवा. म्हणून गणपतीच्या दिवशी, अक्का मोदक वळत असताना, त्यांनी परातीतली उकड उचलली. संध्याकाळी नैवेद्याच्या ताटात मोदकांमध्ये एक लांब नाकाची मोटार होती, तीही आत सारण भरलेली. अक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "देवाला काय सांगू? हा कुठला मोदक?" साडू म्हणाले, "सांग, उंदीर जुना झाला."

चावी फिरवायच्या बोंडाला त्यांनी पेट्रोलच्या झाकणासारखे दाते पाडले. बॉडी लाल, तबकडी काळी, आकडे पांढरे. ते आकडे काढले दहिसरच्या नाक्यावर टॅक्सीच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या पेंटरनं, आणि इतकं बारीक काम पाहून त्यानं 'ह्याच्यावर हॉर्न ओके पण लिहू का' असंही विचारलं. पट्टा चपला शिवणाऱ्याकडून करून घेतला, त्याला ही मोठमोठी भोकं पाडून. मोटार हाकणाऱ्यांच्या चामडी हातमोज्यांना तशीच असतात, वारा लागायला. चपलावाला म्हणाला, "साहेब, इतकी भोकं पाडली तर पट्टा राहणार कुठं?" तयार बॉडी टेबलफॅनसमोर धरून साडू तिच्यावरून वारा कसा जातो ते बघत. वारा कसा जातो हे कळावं म्हणून वंदू शेजारी उदबत्ती धरून उभी राही. शेजाऱ्यांना वाटलं घड्याळाची आरती चालली आहे. एक काकू येऊन नमस्कार करून गेल्या.

त्या जुन्या यंत्रात एक बारीकशी पोलादी पट्टी होती. चावी बाहेर ओढली की ती पट्टी आतल्या चाकाला जाऊन टेकायची आणि सेकंदकाटा जागच्या जागी थांबायचा. वेळ बरोबर लावता यावी म्हणून ती सोय. वंदूनं भिंगातून बघत विचारलं, "बाबा, ही कशाला?"

"हा ब्रेक," साडू म्हणाले, आणि चिमट्यानं ती पट्टी उचलून खिडकीबाहेर टाकून दिली.

अक्का आतून म्हणाली, "अहो, सगळी मोटार केलीत आणि ब्रेकच टाकून दिलात?"

साडू छाती काढून म्हणाले, "शर्यतीच्या गाडीत बसणारा माणूस ब्रेक कुठाय असं विचारत नाही! तो फक्त लाल रेषा बघतो."

ही लाल रेषा समजून घ्या, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यामुळं झाला. साडूंनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की शर्यतीच्या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी सरळ बसवत नाहीत. ती फिरवून अशी बसवतात की सर्वांत महत्त्वाच्या क्षणी काटा बरोबर उभा राहावा. वेगात आकडे वाचायला सवड कुणाला असते? काटा उभा दिसला की कळतं, आली लाल रेषा, आता गिअर बदला. साडूंनी ठरवलं, जावयाच्या घड्याळाची तबकडीही अशीच फिरवायची. पण माणसाच्या आयुष्यात असा महत्त्वाचा क्षण कुठला? मुख्याध्यापकांनी पंचांग बघून मुहूर्त कळवला आणि साडू आनंदानं जागच्या जागी तिसऱ्या गिअरमध्ये गेले. माघातला गोरज मुहूर्त. संध्याकाळी सहा वाजून तेहेतीस मिनिटं. त्या मिनिटाला कुठल्याही घड्याळात तासकाटा आणि मिनिटकाटा बरोबर एकमेकांवर येतात. तबकडी उलटी फिरवून ती जागा माथ्यावर आणली, तिथं तांबडी रेघ मारली, की वंदूचं लग्न लागायच्या क्षणाला दोन्ही काटे एक होऊन लाल रेषेवर ताठ उभे! मी तुम्हाला सांगतो, हे त्यांनी मला समजावलं तेव्हा मीसुद्धा क्षणभर मोटारवाला झालो.

ते वंदूकडून रोज घोकून घेत. "काटा लालवर आला की काय करायचं?"

"गिअर बदलायचा, बाबा."

"मागं बघायचं?"

"नाही बघायचं."

अर्थात तबकडी अशी फिरवल्यावर बारा खाली आले आणि सहा वर गेले. चावी डाव्या अंगाला गेली. साडू म्हणाले, पेट्रोलचं झाकण कुठल्याही बाजूला चालतं. शिवाय मोटार हाकणाऱ्याला स्टिअरिंगवरचा हात न उचलता वेळ दिसली पाहिजे, म्हणून घड्याळ मनगटाच्या माथ्यावर नव्हे, तर अंगठ्याच्या बाजूला कडेवर, तिरपं. परिणाम असा की दोन्ही हातांनी हवेतलं स्टिअरिंग धरल्याशिवाय त्या घड्याळात वेळ कळायचीच नाही. जावयाला द्यायच्या आधी गाडीची चाचणी हवी, म्हणून लग्नापर्यंत साडू ते स्वतःच्या हातावर वापरत होते. रस्त्यात कुणी 'किती वाजले?' म्हटलं की ते थांबत, पाय रोवत, स्टिअरिंग धरत, समोरच्या क्षितिजाकडं एक नजर टाकून मग खाली बघत आणि वेळ सांगत. विचारणारा तोवर दोन पावलं मागं सरकलेला असे. दुसऱ्यानं डोकावून वेळ बघायची तर त्याहून गंमत. शेजारच्या काकूंनी भर दुपारी डोकावून बघितलं, त्यांना दोन्ही काटे सहावर दिसले की बारावर ते देव जाणे, पण त्यांनी घरी जाऊन दिवा लावला, शुभंकरोती म्हटली आणि शाळेतून आलेल्या नातवाला 'इतका वेळ कुठं उंडारत होतास' म्हणून फटकावला.

आणि लग्नाचा दिवस आला.

मुख्याध्यापकांनी आधीच बजावून ठेवलं होतं. "व्यवस्थेत काही कमीजास्त झालं तर मी ब्र काढणार नाही. मुहूर्त मात्र मिनिटानं चुकता कामा नये. थोरल्या मुलाच्या लग्नात चुकला. तेव्हापासून घरात काही बिघडलं की आमची ही सुनेकडं बघते." वंदू हे ऐकून पांढरी पडली होती. दुधाची पिशवी फाटली, फ्यूज उडाला, कुणाला पडसं झालं, की जन्मभर सगळ्यांनी आपल्याकडं बघायचं! तिनं साडूंचा हात धरून म्हटलं, "बाबा, तेवढा मुहूर्त सांभाळा हं." साडू म्हणाले, "वंदू, गाडी कुणी बांधलीय?"

हॉलच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते हॉलवाल्यांनी मुद्दाम पुढं ठेवलेलं, म्हणजे वऱ्हाड वेळेत बाहेर पडतं. गुरुजींनी विचारलं, "मग वेळ कुणाची धरायची?" लगेच चारी बाजूंनी मनगटं पुढं आली आणि प्रत्येक मनगटावर निराळी वेळ. "माझं कालच लावलंय!" "अहो, तुमचं मागं आहे." "मागं कसलं, तुमचंच उडतंय!" या गोंधळात साडू गर्दी कापत पुढं आले. "सगळ्या गाड्या बाजूला घ्या. हे रेडिओवर लावलेलं आहे." मुख्याध्यापकांनी आपल्या घड्याळाशी ताडून बघायला मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, शेवटी नाद सोडून म्हणाले, "मुहूर्त सांभाळणं मुलीकडच्यांचं काम. तुम्ही म्हणाल ती वेळ."

गुरुजी म्हणाले, "घटका भरली की हात वर करा, यजमान."

"हात स्टिअरिंगवरून काढता येत नाही," साडू म्हणाले. तेव्हा ठरलं की त्यांनी मान हलवायची, ती बघून गुरुजींनी 'सावधान' म्हणायचं आणि मग आम्ही अंतरपाट काढायचा. अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं, म्हणून पुढचं सगळं मी अगदी जवळून पाहिलं.

अक्का रीतीप्रमाणे हॉलच्या मागं तुळशीला पाणी घालायला गेली होती. मुलीचं लग्न लागताना आईनं बघायचं नसतं. साडू बोहल्यासमोर उभे. फेटा, नवा कोट, पाय रोवलेले, दोन्ही हात हवेत. फोटोग्राफर कळवळून म्हणाला, "काका, हात खाली घ्या ना, फोटोत कसं दिसेल!" हे म्हणाले, "खाली घेतले की वेळ दिसत नाही." मंगलाष्टकं सुरू झाली. मावश्यांनी आपापली रचून आणली होती, ती झाली. आत्यांनी म्हटली. एका काकांना मध्येच ओळ आठवेना तरी त्यांनी चाल सोडली नाही. आणि मग म्हणणाऱ्यांचा साठा संपला. अक्षता मुठीत धरून सगळं वऱ्हाड गप्प. वाजंत्रीवाला गाल फुगवून तयार. गुरुजींची नजर साडूंवर.

साडूंची नजर घड्याळावर. मिनिटकाटा तासकाट्याच्या अंगावर चढत होता. मला ते दोन काटे दिसत नव्हते, पण साडूंच्या चेहऱ्यावर दिसत होते. अंतरपाटाच्या एका बाजूला जावई, आज मनगट मोकळं ठेवून आलेला. दुसऱ्या बाजूला वंदू, मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून. साडूंची मान हलली नाही. गुरुजींनी भुवया उंचावल्या. मान हलली नाही. मुख्याध्यापक खाकरले. मी हळूच म्हटलं, "थोरले..." तरी हलली नाही. हललं ते भलतंच काही. साडूंचा उजवा पाय. तो सावकाश पुढं सरकला आणि गालिच्यावर काहीतरी दाबू लागला. आधी हलके. मग जोरानं. मग सगळं अंग त्या पायावर टाकून.

अंतरपाटाआडून वंदू पुटपुटली, "बाबा, लालवर आला का?"

आणि साडू ओरडले.

काय ओरडले ते मी सांगणारच आहे. आधी त्याचा परिणाम ऐका. त्या आवाजानं मी असा दचकलो की माझ्या हातातून अंतरपाट सुटला. अंतरपाट पडलेला पाहून गुरुजी घाईघाईनं 'सावधान' म्हणाले, वाजंत्रीवाल्यानं साठवलेला सगळा वारा सोडला, अक्षता उडाल्या, आणि मुख्याध्यापकांच्या घड्याळाप्रमाणे सहा तेहेतीसला, त्या मिनिटाच्या अगदी पोटात, लग्न लागलं. मुख्याध्यापक प्रसन्न होऊन मला म्हणाले, "मुहूर्त उत्तम साधला. फक्त यजमानांनी शेवटी जो मंत्र म्हटला, तो कुठल्या शाखेचा?"

साडूंनी तिथल्या तिथं घड्याळ काढून जावयाच्या हातावर बांधलं. ते आजही तिथंच आहे. मुलुंडच्या बँकेत कुणी वेळ विचारली की जावई टोकन बाजूला ठेवतो, पाय रोवतो, स्टिअरिंग धरतो, आणि मग सांगतो. त्या दोघांना मुलगी झाली, ती शेजारच्या सीटवरून शाळेत जाते. वंदूच्या घरात दुधाची पिशवी फाटली तर कुणी तिच्याकडं बघत नाही.

इकडं गोरेगावात साडूंनी दुसरं घड्याळ केलं नाही. सकाळी ते नाक्यापर्यंत जातात, पण डाव्या बाजूनं थोडी जागा सोडून. त्यांना कुणी 'किती वाजले?' म्हटलं की ते अजूनही थांबून स्टिअरिंग धरतात, मोकळ्या मनगटाकडं बघतात, आणि म्हणतात, "मुलुंडला विचारा." त्यांच्या घरी लग्नाचा फोटो आहे. सगळे बोहल्याकडं बघून हसतायत आणि हे एकटे हवेतली मोटार घट्ट धरून, तोंड उघडं, पाय रोवून उभे. नव्या पाहुण्याला वाटतं, हा माणूस गाडी हाकतोय. मला ठाऊक आहे की तो ती थांबवायचा प्रयत्न करत होता. कारण अंतरपाट माझ्या हातातून सुटला त्याच्या आधी, सगळा हॉल चिडीचूप असताना, दोन्ही काटे लाल रेषेवर ताठ उभे राहिलेले बघत, ते मुलीला ओरडून म्हणाले होते,

"अगो वंदू, ही थांबणा नाय गो! हिचो ब्रेक मियाच काढून टाकलंय!"